हरिश्चंद्रगडावर मुक्काम करताय?

उंची सुमारे १,४२४ मीटर. गटात नवखे असतील तर पाचनईची वाट धरावी. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून येणारी वाट लांब आणि दमवणारी आहे. गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणून मुक्कामाचं वनखात्याला आधी विचारा, शेकोटीचा हट्ट सोडा. कोकणकड्याच्या धारेवर तंबू नकोच. खालून चढणारा वारा कधी कधी इतका जबर असतो की कड्यावरून टाकलेली हलकी वस्तू उलटी वर येते. फोटो झकास येतो, झोप मात्र येत नाही! कातळात खुंट्या शिरत नाहीत. दोऱ्या दगडांना बांधा. डिसेंबर-जानेवारीत थंडी बोचरी, कानटोपी हवीच. मंदिराजवळच्या टाक्यांतलं पाणी उकळून प्यावं. पुष्करणीत भांडी घासू नका.