वर्धा जिल्ह्यातील हंगामी फुलबाग

वर्धा जिल्ह्यातील घरगुती फुलबागेत हंगामी फुलझाडांची लागवड पावसाळी, हिवाळी आणि उन्हाळी अशा तीन टप्प्यांत केली जाते. हंगामी झाडाचे आयुष्य काही महिन्यांचेच असते. त्यामुळे एका हंगामाची फुले उमललेली असतानाच पुढच्या हंगामाची रोपे तयार असावी लागतात.

जमीन

जिल्ह्याचा बराच भाग काळ्या कापसाच्या जमिनीचा आहे. ही माती ओली झाली की फुगते व पाणी धरून ठेवते. वाळली की भेगाळते आणि कोवळी मुळे तुटतात. म्हणून वाळू व कुजलेले शेणखत मिसळून केलेले गादीवाफे येथे सपाट वाफ्यांपेक्षा सोयीचे ठरतात.

पावसाळी लागवड

मृग नक्षत्राच्या सुमारास तेरडा, कोंबडा व झिनिया यांचे बी टाकतात. पहिल्या सरीनंतर पावसाने ओढ दिल्यास अंकुर करपतात आणि कापसाप्रमाणे फुलबागेतही दुबार पेरणी करावी लागते. गुलबक्षीचे कंद जमिनीतच टिकतात व पावसाने आपोआप फुटतात.

या हंगामातील सर्वांत नेमके गणित झेंडूचे असते. दसऱ्याला दाराला तोरण हवे असते. मात्र दसरा तिथीनुसार येतो. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे तो २४ ऑक्टोबरला आला, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला, तर २०२५ मध्ये गांधी जयंतीच्याच दिवशी, २ ऑक्टोबरला. बी टाकल्यापासून रोप लावण्याजोगे होण्यास सुमारे एक महिना आणि त्यानंतर फुले येण्यास साधारण दीड महिना लागतो. या हिशेबाने २०२३ मध्ये ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात टाकलेले बी वेळेवर फुलू शकत होते; २०२५ मध्ये तेच काम जुलैच्या मध्यापर्यंत होणे आवश्यक होते. शेंडा खुडल्यास फांद्या व फुले वाढतात, पण बहर काही दिवस लांबतो, तेही दिवस हिशेबात धरावे लागतात. दरवर्षी ठरावीक तारखेला पेरणी करण्यापेक्षा पंचांगातील दसऱ्यापासून दिवस मागे मोजणे अधिक भरवशाचे आहे.

शेवंतीला हे गणित लागू पडत नाही. तिच्या जुन्या बुंध्याजवळचे फुटवे पावसाळ्यात लावले, तरी रात्री पुरेशा मोठ्या झाल्याशिवाय ती कळ्या धरत नाही. अंगणातील दिव्याचा प्रकाश रात्रभर पडत असल्यास कळ्या आणखी उशिरा येतात.

हिवाळी लागवड

पिटुनिया, फ्लॉक्स, डायंथस व अ‍ॅस्टर यांचे बी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये टाकतात. ऑक्टोबरच्या उन्हात रोपांना सावली लागते; म्हणून अनेक जण थंडीची वाट पाहतात. विदर्भात फेब्रुवारी सरता सरता ऊन तापू लागते, त्यामुळे नोव्हेंबरअखेर पेरलेल्या झाडांना बहरासाठी फारच थोडे दिवस मिळतात.

उन्हाळा

फेब्रुवारी-मार्चमध्ये पोर्टुलाका, कोचिया व गेलार्डिया लावतात. मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. २५ मेच्या सुमारास सुरू होणाऱ्या नवतपात नवी रोपे लावली जात नाहीत. हिरव्या जाळीखाली असलेली झाडे जगवणे एवढेच काम उरते. त्याच काळात रिकाम्या वाफ्यांची माती उकरून उन्हात तापू दिली जाते आणि जुन्या झेंडूचे, तेरड्याचे राखून ठेवलेले बी निवडले जाते.