हृदयातील डिफिब्रिलेटर : रुग्णनिवडीचा प्रश्न

बंगळुरूतील बसवनगुडी या जुन्या वस्तीपासून जयदेव हृद्रोग संस्था काही किलोमीटरवर आहे. तेथील रहिवाशास हृदयविकाराचा झटका आल्यास तज्ज्ञ उपचार जवळच उपलब्ध आहेत. तथापि झटक्यातून बचावलेल्या रुग्णास पुढे आकस्मिक मृत्यूचा धोका कितपत आहे, हे रुग्णालयाच्या सान्निध्याने कळत नाही. त्यासाठी योग्य वेळी फेरतपासणी व्हावी लागते आणि आपल्या आरोग्यव्यवस्थेचा कच्चा दुवा नेमका तेथे आहे.

हृदयविकाराचा झटका येणे आणि हृदयक्रिया अकस्मात बंद पडणे या दोन भिन्न घटना होत. झटक्यात रक्तवाहिनी अडल्याने हृदयस्नायूचा काही भाग मृत होतो व तेथे व्रण राहतो. या व्रणाभोवती विद्युतप्रवाह भरकटल्यास हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन न पावता केवळ थरथरत राहतात. अशा वेळी काही मिनिटांत विजेचा धक्का न मिळाल्यास मृत्यू ओढवतो. हा धक्का शरीराच्या आतून आपोआप देणारे यंत्र म्हणजे अंतःस्थापित डिफिब्रिलेटर. मिशेल मिरोव्स्की यांच्या प्रयत्नांतून ते १९८० मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात प्रथम मानवी शरीरात बसविण्यात आले.

हृदयक्रिया एकदा बंद पडूनही जो वाचला, त्याची निवड तुलनेने सोपी असते. कठीण प्रश्न आहे तो ज्यांच्यावर असा प्रसंग अद्याप आलेला नाही त्यांचा. येथे मुख्य निकष ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ हा आहे. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातील रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते, ते इको तपासणीत दिसते. निरोगी व्यक्तीत हे प्रमाण ५५ ते ७० टक्क्यांच्या आसपास असते. ते ३५ टक्के वा त्याहून कमी असल्यास यंत्राचा विचार केला जातो. परंतु झटक्यानंतर किमान ४० दिवस आणि योग्य औषधोपचाराचे सुमारे तीन महिने लोटल्यानंतरच. कारण औषधांनी अनेकांचे हृदय सावरते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिरुवनंतपुरम येथील १,२०५ हृदयनिकामी रुग्णांच्या नोंदवहीत मात्र आकुंचनक्षमता घटलेल्या रुग्णांपैकी केवळ २५ टक्क्यांना घरी जाताना शिफारस केलेली तिन्ही प्रकारची औषधे मिळाली होती. औषधेच पुरेशी नसतील, तर यंत्राचा निर्णय कशाच्या आधारे घ्यावयाचा?

यंत्राची किंमत काही लाख रुपयांत जाते आणि बॅटरी संपल्यावर ते बदलावे लागते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मॅडिट-दोन’ या चाचणीत झटका येऊन गेलेल्या व इजेक्शन फ्रॅक्शन ३० टक्के वा कमी असलेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सरासरी २० महिन्यांत १९.८ वरून १४.२ टक्क्यांवर आले. अर्थात, त्या कालावधीत एक मृत्यू टाळण्यासाठी सुमारे १८ रुग्णांना यंत्र बसवावे लागले. २०१६ च्या डेन्मार्कमधील चाचणीत, रक्तवाहिन्यांच्या विकाराव्यतिरिक्त अन्य कारणांनी हृदय दुर्बल झालेल्यांच्या एकूण मृत्यूंत लक्षणीय घट आढळली नाही. सार्वजनिक निधी मर्यादित असताना चुकीच्या निवडीचा संधी खर्च मोठा असतो. त्या रकमेत कित्येक रुग्णांची वर्षानुवर्षांची औषधे येतात. उलटपक्षी, आकस्मिक मृत्यूंपैकी बहुसंख्य मृत्यू इजेक्शन फ्रॅक्शन फारसे न घटलेल्या व्यक्तींत होतात. हा निकष अपुरा आहे, पण त्याहून चांगला सर्वमान्य निकष अद्याप हाती नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये अभिनेते पुनीत राजकुमार यांचे वयाच्या ४६ व्या वर्षी बंगळुरूत निधन झाले. त्यांच्या नावाने कर्नाटक शासनाने सुरू केलेल्या हृदयज्योती योजनेत लहान सरकारी रुग्णालयांतील ईसीजी जयदेवसारख्या केंद्र रुग्णालयांकडे पाठविला जातो व गुठळी विरघळविणारे इंजेक्शन मोफत दिले जाते. अशा योजनेत रुग्णाची नोंद पहिल्या काही तासांतच होते. चाळीस दिवसांनंतर त्याच नोंदीवरून त्याला इकोसाठी परत बोलावणे शक्य आहे आणि यंत्राच्या किमतीपुढे या तपासणीचा खर्च नगण्य आहे. परत आलेल्यांपैकी अनेकांना यंत्राची गरज उरलेली नसेल. ज्यांना ती असेल, त्यांची नावे त्या यादीतच सापडतील.