घाटाखालचा व्यापार

धंदा करावयास छाती हवी, असे आपल्याकडे उठता-बसता सांगितले जाते. परंतु कर्जत स्थानकाच्या फलाटावर घटकाभर उभे राहणाऱ्यास, छातीपेक्षा अंदाज ही चीज अधिक मोलाची आहे, हे उमगल्यावाचून राहत नाही. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोर घाटाच्या लोहमार्गाची चढण सदतिसास एक अशी तीव्र असल्यामुळे पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना येथे मागून जादा इंजिने जोडावी लागतात, आणि त्या जोडणीच्या मोजक्या मिनिटांवरच दिवाडकरांच्या बटाटेवड्याची कीर्ती वाढली. आधी तळलेला वडा निवतो, उशिरा सोडलेला कढईतच राहतो. आणि सुट्या पैशांसाठी विक्रेता खिसा चाचपीत असता गिऱ्हाईक खिडकीसकट निघून जाते.

पळसदरीस हा हिशेब अधिकच बिकट होतो. खोपोलीचा फाटा येथून फुटतो. मेल गाड्या न थांबता घाट चढू लागतात, आणि लोकलमधून उतरणारे परगावचे गिऱ्हाईक बहुधा स्वामी समर्थांच्या मठाकडे, नाहीतर पावसाळ्यात धबधब्याकडे वळते. अशा ठिकाणी भजी-चहाची टपरी मांडणाऱ्या बाईस रविवारकरिता बेसन किती आणि दूध किती घ्यावे हे ठरविताना आभाळाचा रंग तर पाहावा लागतोच, शिवाय धबधब्यांवर सरकारी मनाई हुकूम निघाला किंवा कसे, याचीही चौकशी करावी लागते. असा अंदाज अंगी बाणावयास काल उरलेले दूध आणि थकलेली उधारी त्याच रात्री वहीत टिपून ठेवावी लागते. ही सवय आमच्या उद्योगविषयक व्याख्यानांत क्वचितच वाखाणली जाते, कारण रोजकीर्दीवर टाळ्या पडत नाहीत!

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर, लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी प्रारंभी विकला जाईना, ही कथा चिकाटीचा दाखला म्हणून सर्वतोमुखी आहे. पण त्यापूर्वीच त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान घातले होते, कडबा कापण्याची यंत्रेही बनविली होती, हे सांगावयाचे राहते. माझ्या मते चिकाटीलाही असा काही आधार लागतो.

२०१५ पासून मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज विनातारण मिळू शकते, ही सोय मोठीच. मात्र धबधबा वाहतो चार महिने आणि बँकेचा हप्ता येतो बारा महिने; तेव्हा कर्जाचा आकडा आषाढातील गर्दी पाहून नव्हे, तर वैशाखातला गल्ला मोजून ठरवावा.