विमानाच्या दारातून रणभूमीकडे

लष्करी वाहन विमानातून न्यायचे ठरले, की त्याची रुंदी, उंची आणि वजन यांना मर्यादा घालते ती विमानाची रचना. आणि त्या मर्यादेत बसण्यासाठी वाहनातून जे काही काढले जाते, त्याची उणीव विमानातून उतरल्यावर सैनिकाला सोसावी लागते. म्हणूनच या फेरबदलांकडे केवळ यंत्रशाळेतले काम म्हणून पाहता येत नाही.

या विद्येचा पाया दुसऱ्या महायुद्धात घातला गेला आणि त्याच्या केंद्रस्थानी सुमारे एक टन वजनाची जीप होती. ब्रिटिशांच्या ‘होर्सा’ या लाकडी ग्लायडरमध्ये, म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेल्या आणि दुसऱ्या विमानाने ओढून न्यायच्या विमानात, जीप बाजूच्या दारातून चढवून आत वळवावी लागे. त्यासाठी तिची समोरची काच काढली जाई, बंपर कापून आखूड केला जाई आणि स्टिअरिंगचे चाक चटकन सुटे करता येईल असे बसवले जाई. अमेरिकी ‘वाको’ ग्लायडरने हीच अडचण उलट बाजूने सोडवली, कारण त्याचे नाकच बिजागरीवर वर उचलले जाई आणि जीप सरळ समोरून बाहेर पडे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तर तोफेचाही आकार बदलला: २५ पौंडी तोफेचा रुंद आस काढून त्या जागी जीपचा आस व चाके जोडली गेली आणि संरक्षक ढाल वगळण्यात आली, त्यामुळे ती जीपमागे ओढता येऊ लागली आणि सुटी करून विमानातही चढवता येऊ लागली. मात्र ढाल गेल्याने तोफखान्यातील जवान शत्रूच्या गोळ्यांसमोर अधिक उघडे पडले, हे विसरता कामा नये.

मराठी वाचकाला या विषयाचा सर्वांत जवळचा दुवा सापडतो तो १९७१ च्या भारत-पाक युद्धातील टांगाइलच्या मोहिमेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण स्वातंत्र्याच्या सुमारास छत्रीधारी झाली, १९४८ मध्ये जम्मू-काश्मीरमधील झांगड परत जिंकण्याच्या लढाईत लढली आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण, म्हणजे ‘२ पॅरा (मराठा)’, बनली. ११ डिसेंबर १९७१ रोजी लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली ही पलटण पूर्व पाकिस्तानात टांगाइलजवळ उतरली. उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी सैन्याची वाट पुंगली पुलापाशी अडवणे हे तिचे काम होते. जवानांबरोबर जीप व तोफाही आकाशातून सोडण्यात आल्या, आणि त्या गोळा करण्यासाठी गावकरी धावून आले.

अशा प्रकारे वाहन खाली सोडण्याच्या पद्धतीला ‘हेवी ड्रॉप’ म्हणतात. वाहन एका भक्कम तक्त्यावर ठेवून पट्ट्यांनी व साखळ्यांनी करकचून आवळतात, त्याच्याखाली मधाच्या पोळ्यासारख्या रचनेचे कागदी थर घालतात, जे स्वतः चिरडून धक्का गिळतात, आणि जमिनीला टेकताच मोठ्या छत्र्या आपोआप सुटतील अशी कळ बसवतात, नाहीतर वारा भरलेल्या छत्र्या त्या वाहनाला फरफटत नेतील. वजनाचा समतोल याहून नाजूक आहे. वाहन दाराकडे सरकू लागताच विमानाचा गुरुत्वमध्य मागे जातो, म्हणून वाहन कोठे ठेवायचे आणि कोणत्या क्रमाने सोडायचे हे उड्डाणापूर्वीच गणिताने ठरवावे लागते.

वाहन छत्रीने न सोडता विमानासह उतरवायचे असेल, तर प्रश्न वेगळे असतात. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनशी युद्ध चालू असताना २० लान्सर्स या रेजिमेंटचे सहा एएमएक्स-१३ रणगाडे चंदीगडहून एएन-१२ विमानांनी लडाखमधील चुशूलला नेण्यात आले. सुमारे १४ ते १५ टनांचा हा रणगाडा विमानातून नेता यावा अशाच हेतूने फ्रेंचांनी आखला होता, तरीही ४,३०० मीटरहून उंच धावपट्टीवर हवा इतकी विरळ असते, की इंजिनांचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही घटतात आणि विमान नेहमीइतका भार पेलू शकत नाही. शिवाय पट्ट्यांवर चालणाऱ्या रणगाड्याचा भार फरशीच्या थोड्याच भागावर एकवटतो; तो पसरवण्यासाठी लाकडी फळ्या अंथराव्या लागतात.

आजच्या सी-१७ विमानाच्या प्रशस्त पोटात पूर्ण वजनाचा रणगाडा जसाच्या तसा मावतो, म्हणून काटछाट कमी झाली, पण संपलेली नाही. महाराष्ट्रातील अहिल्यानगर जिल्ह्यात, चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राबरोबरच, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी ‘डीआरडीओ’ची ‘व्हीआरडीई’ ही संस्थाही आहे. तिच्यासारख्या ठिकाणी आता वाहन आखतानाच वाहतुकीचा विचार करणे शक्य असते. अहिल्यानगर शहरातील रणगाडा संग्रहालयात जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी तोफेच्या नळीइतकेच वाहनांच्या रुंदीकडे, आसाकडे आणि साखळी अडकवण्याच्या कड्यांकडेही लक्ष द्यावे, आणि मराठी पलटणींचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ही वाहने विमानात बसवणाऱ्या कारागिरांच्या कामालाही त्यात पाने द्यावीत.