काळ्या पडद्यावरची पन्नास वर्षं

सटाण्याहून साल्हेर-मुल्हेरकडे निघालं की बागलाणातल्या किल्ल्यांची रांग लागते. टाकी, गुहा, कड्यातल्या पायऱ्या. अशाच पायाखालच्या वाटांतून संगणकावरचा पहिला गाजलेला शब्दखेळ जन्मला. विल क्राउदर हा अर्पानेट हे इंटरनेटचं पूर्वरूप उभारणाऱ्यांपैकी एक प्रोग्रॅमर, आणि केंटकीतल्या मॅमथ गुहेचे नकाशे काढणारा हौशी गुहा-भटक्या. घटस्फोटानंतर मुलींसाठी म्हणून त्याने १९७५-७६ च्या सुमारास ‘अॅडव्हेंचर’ लिहिला. चित्र एकही नाही. ‘उत्तरेला जा’, ‘दिवा घे’ असं इंग्रजीत टाइप करायचं, मग संगणक पुढची जागा शब्दांत उभी करायचा.

स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सला त्याची एक प्रत सापडली. क्राउदरचा पत्ता माहीत नव्हता, म्हणून त्याने अर्पानेटवरच्या प्रत्येक संगणकावर ‘क्राउदर’ या नावाने निरोप धाडला आणि सोर्स कोड मिळवला. १९७७ मध्ये त्याने खेळ कितीतरी वाढवला. मागणाऱ्याला देणारा भेटला, ही मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

कारण उलटही घडलं. १९८० च्या आसपास मायकेल टॉय, ग्लेन विचमन आणि केन अर्नोल्ड यांनी ‘रोग’ केला. दर खेपेला तळघर नव्याने आखलं जायचं, त्यामुळे वाट पाठ करून भागत नसे. बर्कलीच्या युनिक्सबरोबर तो विद्यापीठांत पसरला, पण सोर्सशिवाय. तेव्हा जे फेनलसन या शाळकरी मुलाने मित्रांच्या मदतीने १९८२ मध्ये तसाच खेळ मुळापासून लिहिला, ‘हॅक’, आणि तो मात्र वाटून टाकला. अॅमस्टरडॅमच्या आंद्रिस ब्राउवरने त्यात भर घातली. १९८७ मध्ये माइक स्टीफन्सन आणि मंडळींनी त्याचा ‘नेटहॅक’ केला. त्यावर आजही काम चालू आहे.

नेटहॅकचा पडदा म्हणजे ऐंशी रकाने, चोवीस ओळी. ‘@’ म्हणजे तुम्ही, ‘%’ म्हणजे खाणं, ‘>’ म्हणजे खाली जाणारा जिना. पुढ्यातलं इंग्रजी डी हे अक्षर तुमचं कुत्र्याचं पिल्लू असू शकतं. ते फार काळ उपाशी राहिलं की मरतं. मेलात की खेळ संपला, जुना डाव उघडून पुन्हा जगता येत नाही. एवढ्या अक्षरांतून भीती वाटते, हळहळ वाटते. शिवाय जुनापाना संगणकही त्याला पुरतो आणि नेट लागत नाही. तालुक्याच्या गावातल्या मुलांना हेच परवडणारं होतं. पण आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांतून संगणक घरोघरी ओळखीचा झाला तो विंडोजच्या रूपात. काळा पडदा बाजूलाच राहिला.

मराठीची अडचण वेगळी. टर्मिनलमध्ये, म्हणजे त्या काळ्या पडद्यावर, प्रत्येक अक्षराला सारख्या मापाचा एक चौकोन. ‘कि’ साठवताना आधी क, मग वेलांटी; दाखवताना वेलांटी आधी. जोडाक्षरं तर चौकोनात मावतच नाहीत, पाय मोडून पडतात. यावर उत्तर शोधलं गेलं होतं, आणि तेही पुण्यात. आयआयटी कानपूरच्या कामावर उभं राहून सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेने जिस्ट कार्ड आणि जिस्ट टर्मिनल आणलं. डॉसच्या साध्या मजकुरी प्रोग्रॅममध्ये देवनागरी उमटू लागली. पुढे खिडक्यांचे पडदे आले आणि ती वाट मागे पडली. २००४ मध्ये लोहित फॉन्ट मुक्त परवान्याने खुले झाले, लिनक्सवर मराठी सुखाने वाचता येऊ लागली, पण टर्मिनल मात्र बराचसा रोमनच राहिला. आता काही टर्मिनल जोडाक्षरं बऱ्यापैकी नीट दाखवतात, सगळे नाहीत.

क्राउदर-वुड्सचा खेळ २०१७ मध्ये एरिक रेमंड या प्रोग्रॅमरने दोघांच्या संमतीने ‘ओपन अॅडव्हेंचर’ म्हणून मुक्त परवान्याखाली आणला. त्यातल्या खोल्या, वस्तू, संवाद एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये वेगळे काढले आहेत. म्हणजे गुहेच्या जागी साल्हेरचा दरवाजा, परशुरामाचं मंदिर, मुल्हेरचं मोती टाकं घालायला परवानगी आहे आणि साधनही. बागलाणातल्या एखाद्या कॉलेजच्या पोरांनी आता ती फाइल उघडायची आहे.