ख्रिस्तोफर मॅककॅन्डलेस : ध्येयवाद आणि अरण्याचे वास्तव

अमेरिकेतील एमरी विद्यापीठातून १९९० मध्ये पदवी प्राप्त केल्यानंतर ख्रिस्तोफर मॅककॅन्डलेस या तरुणाने आपली सुमारे २४,००० डॉलर्सची बचत ऑक्सफॅम या सेवाभावी संस्थेस देऊन टाकली व कुटुंबाशी संपर्क तोडला. संपत्तीनिष्ठ जीवनाविषयीची अनास्था आणि टॉलस्टॉय, थोरो यांच्या साहित्याचे संस्कार या त्यागामागील प्रमुख प्रेरणा होत.

एप्रिल १९९२ मध्ये तो अलास्कातील स्टँपीड ट्रेल या मार्गाने अरण्यात शिरला. थोडा तांदूळ, एक हलकी रायफल व काही पुस्तके एवढीच सामग्री जवळ होती. तपशीलवार नकाशा नव्हता. एका बेवारस बसमध्ये त्याने मुक्काम केला. जुलैमध्ये तो परत निघाला, तेव्हा येताना ओलांडलेली टेक्लानिका नदी हिमनद्यांच्या वितळलेल्या पाण्याने दुथडी भरून वाहत होती. काही अंतरावरच नदीपार नेणारा तारेवरचा पाळणा होता. नकाशाअभावी तो त्यास अज्ञात राहिला. ऑगस्टमध्ये वयाच्या २४ व्या वर्षी उपासमारीने त्याचा मृत्यू झाला. विषारी बियांमुळे तो दुर्बल झाला असावा, हे जॉन क्राकौर यांचे मत विवाद्य आहे.

क्राकौर यांचे पुस्तक (१९९६) व त्यावरील चित्रपट (२००७) यांमुळे ही बस जणू तीर्थक्षेत्र ठरली. त्याच मार्गावर २०१० व २०१९ मध्ये टेक्लानिकेने आणखी दोन बळी घेतले. अखेर जून २०२० मध्ये बस हेलिकॉप्टरने हलविण्यात आली.

सारांश, मॅककॅन्डलेसचा त्याग प्रामाणिक होता. परंतु निसर्ग हेतू पाहत नाही. पूर्वतयारी ही ध्येयाशी तडजोड नसून ध्येयाचेच अंग होय.