यकृताची जखम, रक्त थांबवणारी पट्टी आणि एक प्रामाणिक परीक्षा

आज रक्ताच्या गोष्टी आहेत. जेवता जेवता ऐकत असाल, तर पॉज करा आणि नंतर या.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. भाजी चिरताना बोट कापलं की आपल्याकडे आधी हळदीचा डबा उघडतो. चिमूटभर हळद दाबली, दोन-तीन मिनिटांत रक्त थांबलं. आता श्रेय कोणाला द्यायचं? हळदीला? दाबून धरलेल्या अंगठ्याला? की आपल्या रक्ताला, जे काहीही न लावता गोठलंच असतं? एका बोटावरून हे सांगताच येत नाही. बोटाच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. पण हाच प्रश्न फाटलेल्या यकृताबद्दल असेल, तर चुकीच्या उत्तराने माणूस जातो.

यकृत, म्हणजे लिव्हर, उजव्या बरगड्यांच्या आड असतं. मोठ्या माणसात वजन साधारण दीड किलो. हृदय जेवढं रक्त बाहेर ढकलतं, त्यातला जवळपास पाव हिस्सा यकृतातून जातो, म्हणजे मिनिटाला सुमारे दीड लिटर. त्यातलं थोडं धमनीतून येतं आणि बरंचसं आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल व्हेनमधून. शिवाय अवयव मऊ. ताजं पनीर सुईदोऱ्याने शिवायचा प्रयत्न करून बघा, म्हणजे सर्जनची अडचण कळेल. टाका ओढला की दोरा मांस कापत निघतो.

१९०८ मध्ये ग्लासगोच्या जेम्स हॉगार्थ प्रिंगल या सर्जनने एक युक्ती मांडली. यकृताकडे रक्त नेणाऱ्या नळ्या एका जुडीत जातात. ती जुडीच चिमटीत दाबून धरायची. आजही हे करतात. पण यकृताच्या मागच्या मोठ्या शिरा फाटल्या असतील तर त्यांचं रक्त याने थांबत नाही. मग यकृताभोवती कापडी पॅड ठासून भरतात, पोट तात्पुरतं झाकतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा उघडतात. (सगळ्याच जखमांना ऑपरेशन लागत नाही, बरं का. बीपी स्थिर असेल तर अनेक पेशंट नुसत्या बारीक देखरेखीवर बरे होतात.)

खरी गोची पुढे आहे. खूप रक्त गेलं की शरीर गार पडतं, रक्तातलं आम्ल वाढतं आणि रक्ताची गोठण्याची ताकद कमी होते. ही तिन्ही संकटं एकमेकांना वाढवत नेतात. म्हणजे ज्याला गुठळीची सर्वात जास्त गरज, त्याचंच रक्त गोठत नाही! म्हणून थेट जखमेवर लावायची औषधं शोधली गेली.

त्यांची कामाची पद्धत वेगवेगळी आहे. जिलेटिनचा स्पंज किंवा कोलॅजन हे गुठळीला धरायला मांडव देतात, पण गोठण्याचं काम पेशंटच्या रक्तालाच करावं लागतं. फायब्रिनच्या पट्ट्या गुठळीचं सामान, म्हणजे फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन, सोबत घेऊनच येतात. कायटोसान कोळंबीसारख्या प्राण्यांच्या कवचापासून बनतं आणि ओल्या जखमेला घट्ट चिकटतं. झिओलाइट नावाचं खनिज रक्तातलं पाणी शोषून बाकीचं घट्ट करतं.

आता परीक्षा. यातल्या काही गाजलेल्या चाचण्या टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो इथे, अमेरिकी लष्कराच्या सर्जिकल संशोधन संस्थेत झाल्या. प्राणी होता डुक्कर, कारण आकार आणि रक्तवाहिन्या माणसाच्या बऱ्याच जवळ जातात. पूर्ण भूल देऊन यकृताला ठरावीक पद्धतीने, सर्वात गंभीर प्रतीची जखम करायची. काहींना नवी पट्टी लावायची, काहींना साधा गॉज. दाब दोन्हीकडे सारखाच.

एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. शिरेतून सलाइन देऊन बीपी वर ठेवतात. का? कारण बीपी कोसळलं की रक्तस्राव आपोआप मंदावतो, आणि पट्टीला फुकटचं श्रेय मिळतं.

२००३ मध्ये कायटोसान पट्टीचे निकाल आले. पट्टीच्या गटात उपचारानंतर सरासरी सुमारे २६४ मिलिलिटर रक्त गेलं, गॉजच्या गटात सुमारे २,८७९. पट्टीवाली ८ पैकी ७ डुकरं जगली, गॉजवाली ७ पैकी २. पुढच्या वर्षी झिओलाइटची पावडर तपासली. तिथेही ८ पैकी ७ जगली, साध्या गॉजवर ८ पैकी १. मस्त ना? पण त्याच प्रयोगात पावडर आणि जखम यांच्या मधलं तापमान सरासरी ९३ अंश सेल्सिअसपर्यंत गेलं. चहाच्या उकळीच्या जवळ! रक्त थांबलं, पण आतलं मांस भाजण्याचा धोका आला.

त्याआधी, १९९९ मध्ये, याच विषयावर आणखी कठीण पेपर काढला गेला होता. डुकरांना मुद्दाम गार केलं, त्यांच्या रक्ताची गोठण्याची ताकद कमी केली आणि मग फायब्रिनची कोरडी पट्टी लावली. ती तिथेही गॉजपेक्षा सरस ठरली. हा निकाल मला जास्त वजनदार वाटतो, कारण ऑपरेशन टेबलवरचा खरा पेशंट असाच असतो.

तरी सावध राहायला हवं. गट लहान होते, निरीक्षण तासाभराचं होतं, आणि डुकराचं रक्त माणसापेक्षा चटकन गोठतं. एक तास पुरेसा का नाही, हे वूंडस्टॅट नावाच्या पावडरीने दाखवलं. ही एक प्रकारची माती. फाटलेल्या मोठ्या धमनीचं रक्तही तिने रोखलं, म्हणून २००८ मध्ये अमेरिकी सैन्यासाठी तिची शिफारस झाली. मग संशोधकांनी डुकरांच्या रक्तवाहिन्या उघडून पुढे काय झालं ते पाहिलं. आतलं अस्तर खराब झालेलं, गुठळ्या झालेल्या, पावडरचे अंश फुप्फुसापर्यंत पोहोचलेले. २००९ मध्ये तिचा वापर थांबला. त्या जखमा यकृताच्या नव्हत्या, पण यकृताच्या शिरा तर थेट हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेला मिळतात. तिथे असे कण सुटले तर काय, याचा विचार करा.

अशा प्रयोगांतली डुकरं पुन्हा शुद्धीवर येत नाहीत, हेही बोललं पाहिजे. म्हणूनच मला वाटतं, ढिसाळ चाचणी हा नुसता वैज्ञानिक दोष नाही. त्या जिवाचा अपमान आहे.

तेव्हा पुढच्या वेळी रीलमध्ये ‘क्षणात रक्त बंद’ दिसलं, की चार प्रश्न विचारा. कशाच्या तुलनेत? जखम किती मोठी होती? रक्त निरोगी होतं की गोठायचं थांबलेलं? आणि नंतर काय झालं?

आणि एक कामाची गोष्ट. या पट्ट्या यकृतावर लावायच्या त्या सर्जनने, पोट उघडून. बाहेरून कोणतीही पावडर आतला रक्तस्राव थांबवत नाही. बाइकवरून पडून हँडल पोटात किंवा उजव्या बरगडीत बसलं, आणि पोटात किंवा उजव्या खांद्यात दुखतंय, घाम येतोय, चक्कर येतेय, चेहरा पांढरा पडतोय, तर वरून खरचटलेलंही नसलं तरी वाट बघू नका. खायला-प्यायला काही देऊ नका. महाराष्ट्रात असाल तर १०८ लावा. हात-पाय कापून रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि सारखं उघडून बघू नका.

आजच्यापुरतं एवढंच. हा भाग बाइक चालवणाऱ्या एका तरी मित्राला पाठवा. भेटू पुढच्या भागात!